विचारा की सर! : व्हिडिओ बघून कोणी येतच नाही, मग तास घ्यायचा कसा?

प्रश्न : सर नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलला नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एका ट्रेनिंगमध्ये फ्लिप्ड क्लासरूमचं ऐकलं, म्हणजे शिकवायचं ते घरी व्हिडिओवर आणि गृहपाठ वर्गात, आणि मला ते इतकं पटलं की दिवाळीच्या सुट्टीत 'धाराविद्युत'चे पाच व्हिडिओ मी स्वतः रेकॉर्ड केले, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून, मधेमधे कुकरच्या शिट्ट्या पण आल्यात त्यात. एकेक व्हिडिओ पंचवीस मिनिटांचा झाला. वर्गाच्या ग्रुपवर टाकले. पहिल्या दिवशी ५२ पैकी १९ जण बघून आले, दुसऱ्या दिवशी ११. मग काय, परत फळ्यावर सगळं शिकवलं. आता स्टाफरूममध्ये चेष्टा चालते, 'मॅडम, वर्ग उलटा झाला का पालथा?' एचएम सर म्हणतात पोर्शन मागं पडलाय. बरं, पोरांना रील्स बघायला मोबाईल बरोबर मिळतो! माझं काय चुकतंय, का सोडूनच देऊ हे?

– एक शिक्षिका, करवीर

उत्तर : मॅडम, सोडू नका. व्हिडिओ मात्र थोडे दिवस बाजूला ठेवा.

गाडी कुठं घसरली ते तुम्हीच लिहिलंय की, 'मग काय, परत फळ्यावर सगळं शिकवलं'. तुम्ही खडू हातात घेतला त्याच मिनिटाला त्या १९ जणांना कळलं की घरी बघून आलो तो वेडेपणा झाला, मॅडम शिकवणारच आहेत. दुसऱ्या दिवशी ११ झाले ते त्यामुळं. पोरं हिशोबाला लई पक्की असतात हो.

मी पण हेच केलेलं, वर आणि एका पोराला चार दिवस ओळीनं उभं केलेलं, व्हिडिओ बघत नाही म्हणून. पाचव्या दिवशी त्याच्या शेजारचा म्हणाला, सर, त्याचे वडील शिरोलीला फौंड्रीत सेकंड शिफ्टला असतात, घरात मोबाईल एकच, तो रात्री बाराला घरी येतो. पोरगा स्वतः काही बोलला नव्हता. त्या दिवसापासून माझ्या वर्गात घरी न्यायची वस्तू म्हणजे पावकागदाची चिठ्ठी. पुस्तकातला दीड पानाचा मजकूर वाचायचा, खाली दोन प्रश्न, आणि 'मला हे कळलं नाही' म्हणून एक मोकळी ओळ, ती भरलीच पाहिजे. ज्याला मोबाईल मिळतो त्यानं बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर बघावं, नाही मिळाला तर चिठ्ठी आहेच. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तेव्हा पुस्तकातल्या या क्यूआर कोडचीच चर्चा घरोघरी झालेली, आणि तो कोड छापलेला आहे फुकट, मग पिठाच्या डब्यापुढं रात्री जागवायच्या कशाला?

तरी स्वतःचा आवाज हवाच असेल तर पाच-सहा मिनिटांत आटपा. एडएक्स नावाच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचे व्हिडिओ लोक किती वेळ बघतात यावर २०१४ साली एक मोठा अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांच्या पुढं लक्ष टिकत नाही असं दिसलं, आणि ते तर स्वतःहून कोर्स लावलेले लोक. आपलं नववीचं पोरगं पंचवीस मिनिटं बघेल? मी नाही बघणार.

आता गंमत सांगतो. ही पद्धत ज्यांच्या नावावर खपते ते जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क नावाच्या डोंगरातल्या गावातले केमिस्ट्रीचे मास्तर. तिथली पोरं मॅचला लांबच्या गावी जायची आणि तास बुडवायची, त्यांच्यासाठी म्हणून २००७ च्या सुमाराला यांनी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. म्हणजे मुळात हे गैरहजर पोरांसाठी निघालेलं. आपल्याकडं गैरहजेरीला काय तोटा, जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली की पलीकडच्या वाडीची पोरं आठवडाभर दिसत नाहीत, चैत्रात जोतिबाची यात्रा आहेच. नंतर त्या दोघांच्या डोक्यात आलं की शिकवणं बाहेर गेलं तर वर्गातला तास मोकळा होतो, आणि खरी पद्धत तिथून सुरू झाली. मोकळ्या तासात तुम्ही काय करणार हे तुमच्या पत्रात कुठंच नाही बघा. 'गृहपाठ वर्गात' एवढंच आहे, आणि ५२ पोरं खाली मान घालून स्वाध्याय लिहितायत हा तास तर झोप आणणारा.

मी काय करतो ते सांगतो, तुमचाच धडा घेतो. चिठ्ठीवर प्रश्न : घरातला एक बल्ब गेला तर बाकीचे चालू राहतात, मग गणपतीच्या जुन्या माळेतला एक गेला की माळ का जाते? दुसऱ्या दिवशी दारातच चिठ्ठी द्यायची. ज्याच्याकडं नाही तो मागच्या बाकावर बसून आधी ती भरणार, रागवायचं नाही, पण त्याच्यासाठी शिकवायचं पण नाही. कितीही जीव तुटला तरी नाही. तोवर बाकीच्यांना एक सेल, दोन टॉर्चचे बल्ब, वायरचे तुकडे. बल्ब एकसर म्हणजे एकाच वाटेवर एकामागं एक जोडा, समांतर म्हणजे प्रत्येकाला वेगळी वाट देऊन जोडा, एक काढून बघा. एकसर जोडले की दोन्ही मंद पेटतात आणि एक काढला की दुसरा पण विझतो, हे मागचा पोरगा लांबून बघतो आणि त्याची चिठ्ठी आपोआप भराभर संपते.

त्यातच एकदा एक मुलगी उठून म्हणाली, 'सर, आमच्या मळ्यात मोटर सुरू केली की खोलीतला बल्ब वाईच मंद होतोय, तो तर समांतर आहे, मग का?' वर्ग गप्प. मी पण जरा गप्पच. मग तिघा-चौघांनी भांडून काढलं की खांबापासून मळ्यापर्यंत जी लांब वायर आलीय तिला स्वतःचा रोध म्हणजे रेझिस्टन्स आहे आणि तो सगळ्यांशी एकसर बसतो, मोटर सुरू होताना एकदम जास्त धारा ओढते, विभवांतर म्हणजे व्होल्टेज वायरीतच खर्ची पडतं, बल्बला कमी उरतं. फळ्यावर शिकवत बसलो असतो तर या प्रश्नापर्यंत माझा तास कधी पोचलाच नसता.

साहित्य नसेल तेव्हा हार्वर्डच्या एरिक माझुर यांची युक्ती वापरा, त्यांनी ती फिजिक्सच्या तासाला १९९० च्या दशकात सुरू केली. पर्यायाचा एक प्रश्न टाका, सगळ्यांनी छातीशी बोटं धरून उत्तर दाखवायचं म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग परत बोटं. पैसा लागत नाही. दंगा होतो, एचएम सर दारातून डोकावतील, त्यांना आत बोलवा आणि एका बाकाशी उभं करा.

पोर्शनचं म्हणाल तर अख्खा धडा फ्लिप करू नका. आठवड्यात दोन तास बास, बाकी नेहमीसारखं शिकवा, टाचणात त्या दोन तासांपुढं 'गटकार्य व प्रयोग' लिहा, ते खोटं पण नाही. आणि स्टाफरूमचं मनावर घेऊ नका, आमच्याकडं मला 'चिठ्ठीवाले सर' म्हणतात, मटक्यासारखं वाटतं पण चालतंय.

प्रश्न : मुलीच्या शाळेत हल्ली घरी व्हिडिओ बघून या म्हणतात. मग शाळेत काय करतात? फी भरतो ती कशाला? तास-दीड तास मोबाईल हातात जातो तो वेगळाच.

– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : दादा, राग बरोबर आहे का नाही ते मुलीला एकच विचारून कळेल, 'आज तासाला काय झालं?' 'माझं उत्तर चुकलं, मग आम्ही भांडलो, मग करून बघितलं' असं काही आलं तर फी वसूल होतीय. 'सरांनी तोच व्हिडिओ परत लावला' किंवा 'आम्ही लिहीत बसलो' असं आलं तर सरळ जाऊन भेटा, आवाज न चढवता. दीड तास तर कुठल्याच विषयाला लागू नये, तेवढे लागत असतील तर एक तर व्हिडिओ लांबलचक आहे नाहीतर मधे दुसरंच काही बघून होतंय. तुमच्या समोर बसून बघू दे, संपला की मोबाईल परत घ्या आणि दोन मिनिटात तुम्हाला सांगायला लावा, तुम्हाला विषय येत नसला तर उत्तमच, ती जास्त फोड करून सांगेल. आणि प्रयोगाला सेल मागितला तर घरातला चांगला द्या, शाळेतले बहुतेक वेळा संपलेले असतात.