दर तासाला उठणारं बाळ

"ताई, माझं दूधच पुरत नसावं," सात महिन्यांच्या बाळाची आई सांगत होती. संध्याकाळी छान झोपलेलं बाळ मध्यरात्रीपासून दर तासाला उठायचं आणि पाजल्याशिवाय शांत व्हायचं नाही. घरातले म्हणत होते, वरचं दूध सुरू कर. पण वजन नीट वाढत होतं, लघवी भरपूर होत होती, डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. दर तासाला भूक लागत असेल, हे मला पटेना.

मग मी विचारलं, बाळ चुळबुळ करतं तेव्हा पहिल्या मिनिटात काय होतं? ती म्हणाली, "जरा कण्हलं की मी लगेच उचलते. पूर्ण जागं झालं तर तासभर झोपत नाही हो!"

तान्ह्या बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं. चक्र संपताना झोप पातळ होते. तेव्हा बाळ हातपाय झाडतं, ओठ चोखतं, कण्हतं, कधी डोळेही किलकिले करतं, आणि बरेचदा तसंच पुन्हा झोपतं. नेमकं त्याच वेळी उचललं की झोपमोड होते. शिवाय जाग आलेलं बाळ डोळा लागताना जे होतं तेच शोधतं. पीत पीत झोपलेल्या बाळाला जाग आल्यावर तेच हवं असणार. यात तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. दमलेली आई स्वतःलाच दोष देत राहते आणि ते मला बघवत नाही.

सुरुवात आम्ही संध्याकाळच्या झोपेपासून केली. पाजणं थोडं आधी उरकायचं. मग पेंगुळलेलं पण जागं असतानाच बाळाला सपाट, टणक गादीवर उताणं ठेवायचं. जवळ उशी किंवा सैल पांघरूण नको. छातीवर हात ठेवून हळू आवाजात एकच सूर धरायचा. रडणं वाढलं तर खुशाल उचलून घ्यायचं, शांत झालं की परत ठेवायचं. बाळाला एकटं रडत ठेवा, असं मी कुणालाच सांगत नाही. रात्री मात्र आवाज आला की आधी जरा कान देऊन ऐकायचं: नुसतं कण्हणं आहे की खरंच हाक आहे? उठावंच लागलं तर मोठा दिवा नको, गप्पा नकोत, शी केली नसेल तर डायपरची घाईही नको. मध्यरात्रीची एक पाळी वडिलांनी घेतली. त्यांच्या कुशीत दुधाचा वास नसतो, त्यामुळे बाळ थोपटण्यावर लवकर मानतं.

पहिल्या काही रात्री रडणं वाढलंच. हे आधी सांगून ठेवलं नाही तर घरचे तिसऱ्या दिवशी सोडून देतात. हळूहळू मधली जाग कमी झाली. पहाटेचं एक पाजणं अजून चालू आहे आणि ते बंद करायची काही गरज नाही. या वयात रात्री भूक लागू शकते.

नवजात बाळाला यातलं काही लागू करू नका. त्याला दर दोन-तीन तासांनी दूध लागतंच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. कोणत्याही वयात श्वासाला त्रास झाला तरी थांबू नका. वजन वाढत नसेल तर तपासून घ्या. आणि बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, मन सतत उदास असेल, तर तिच्यासाठीही डॉक्टरांची वेळ घ्या.