आईचा फोन काढून घेऊ नका

पत्र: माझी ७१ वर्षांची आई डिचोलीला एकटी राहते. गेल्या आठवड्यात तिला व्हॉट्सअॅपवर कॉल आला, नंबरावर पोलिसाचा फोटो. 'तुमचा मुलगा बंगळूरला ड्रग्जच्या केसमध्ये सापडलाय, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका.' मागून रडणं, 'आई, वाचव!' तिनं यूपीआयनं दोनदा वीस-वीस हजार पाठवले. भाऊ ऑफिसातच होता. नंतर तो तिला फार बोलला. आता ती कुणाचाच फोन घेत नाही. बोभाटा नको म्हणून तक्रारही केलेली नाही. तिचा स्मार्टफोन काढून घेऊ का? — एक लेक, म्हापसा

ताई, फोनचं नंतर बघू. आधी आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. आठवडा गेलाय, पैसे बहुधा पुढच्या खात्यात सरकले असतील. पहिल्या तासाभरात तक्रार झाली असती तर ते अडवण्याची शक्यता जास्त होती. तरीही तक्रार कराच, त्या खात्यावर कारवाई तिच्यावरूनच होते. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, पैसे गेलेला आयडी, वेळ आणि कॉलचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट पुसू नका. बँकेलाही लेखी कळवा. आणि 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा कुणाचा फोन आला, तर तोही त्याच धंद्यातला समजा.

स्मार्टफोन काढून घेऊ नका. असा कॉल साध्या फोनवरही येतो, आणि आई आणखी एकटी पडेल. हा डाव आईच्या भोळेपणावर नाही, घाईवर चालतो. 'फोन ठेवू नका' कशासाठी? ठेवला तर ती मुलाला फोन लावील म्हणून. रडण्याचा आवाज आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरूनही बनवता येतो, आणि हुंदक्यांत आवाज ओळखणं आईलाही अवघडच.

मग अटकेची बातमी खरी की खोटी, हे ओळखायचं कसं? अटक झाली तर पोलीस नातेवाइकांना कळवतात, कायद्यानं त्यांना कळवावंच लागतं. म्हणून 'पोलिसांचा फोन म्हणजे खोटा' असं आईला शिकवू नका. एवढंच शिकवा: पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत, जामिनाचं काम कोर्टात होतं. पोलीस ठाण्याचं नाव विचारायचं, फोन ठेवायचा, आणि मुलाच्या सेव्ह केलेल्या नंबरावर लावायचा. तो मीटिंगमध्ये असला तर उचलणार नाही, नेमकी तिथंच गाडी अडते. त्यामुळे त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा आणि ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. खाली तुमचा नंबर आणि ११२.

फोनवर खरंच घरचाच माणूस आहे का हे ओळखायला घरच्यांचा एक प्रश्नही ठरवून ठेवा. कुलदैवत, गाव, शाळा नको, ते फेसबुकवर सापडतं. प्रश्न खरा, उत्तर मुद्दाम चुकीचं. उदाहरणार्थ माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात ती चौकट: 'चवथीला माटोळीत पहिलं काय बांधायचं?' उत्तर: 'छत्री'. ठकसेन नारळ म्हणेल, सुपारी म्हणेल. इथं हमखास एक चूक होते: घाबरलेली आई स्वतःच 'छत्री का रे?' म्हणून जाते. तिनं फक्त विचारायचं, उत्तर समोरच्यानं द्यायचं.

व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, कॉल्स इथं 'सायलेन्स अननोन कॉलर्स' सुरू करा. अनोळखी कॉल वाजणार नाही, यादीत मात्र दिसेल. नातवानं नंबर बदलला तर त्याचाही वाजणार नाही, हे आईला आधी सांगा. यूपीआयला एकच खातं जोडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे. पेन्शन आणि ठेवी दुसऱ्या खात्यात, त्याला यूपीआय नको. बँकेत जाऊन ऑनलाइन ठेव मोडण्याची सोयही बंद करता येते का विचारा. मोठी रक्कम काढायला बँकेत जावं लागलं, तर तेवढ्या वेळात मुलगा फोन उचलतो.

आता तुमचा भाऊ. तो चिडला तो भीतीपोटी, पण आईला ऐकू आली ती फक्त शिव्यांची लाखोली. त्यानं आज रात्री फोन करून आधी माफी मागावी. मग त्या दिवशी काय काय ऐकलंस ते तिच्याच शब्दांत, मध्ये न बोलता ऐकून लिहून घ्यावं. तक्रारीला ते लागणारच आहे. आणि रविवारी त्यानं मित्राच्या नंबरावरून तिला एक साधा कॉल करावा (व्हॉट्सअॅपवरचा वाजणारच नाही), फक्त 'आई, मी बोलतोय' म्हणून. तिनं माटोळीचं विचारेपर्यंत पुढं काही बोलू नये.