प्रार्थना केली ना? आता तारखा तपासा : ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या विश्वासी लेखकांची प्रश्नोत्तरे

बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि आता ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं छापायच्या आधी तपासून देते, त्यातली पुष्कळशी ख्रिस्ती लेखकांची असतात. मी स्वतः विश्वासी, म्हणजे श्रद्धावान ख्रिस्ती, आहे, सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही, त्यामुळे "तुम्हाला विश्वासातलं काय कळणार" असे मेसेज कृपया पाठवू नका, मागच्या वेळी खूप आले. शब्द वेगळे असतात पण प्रश्नातला घोटाळा प्रत्येक वेळी तोच, की देवावर भरवसा टाकला की शोधाशोध तेवढी कमी करावी लागते. तसं होत नाही. यावेळी आलेल्यांतले काही प्रश्न घेते.

प्रश्न : मी प्रार्थना करून लिहायला बसते तेव्हा प्रसंग अक्षरशः डोळ्यांसमोर दिसतात. तरीही पुस्तकं, कागदपत्रं बघायला लागतात का?

उत्तर : हो. लूकच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधलं येशूचं चरित्र) पहिल्या चार ओळी वाचा, मुळापासून सगळा नीट शोध केला आणि मग क्रमवार लिहितोय असं तो ज्याच्यासाठी लिहितो त्या थियफिलाला सांगतो. त्याला चौकशी करावी लागली, आपण कोण लागून गेलो.

प्रश्न : माझी कादंबरी इसवी सन ६४ मधल्या रोमची आहे, सम्राट नीरोचा काळ. नायक कुटुंबाला घेऊन कॅटाकोम्बमध्ये लपतो, तिथे बायबल उघडून योहान ३:१६ वाचतो. कोणी म्हणतं चुकीचं आहे. खरंच का?

उत्तर : खरंच, आणि एकदा नाही चारदा. योहानाचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकाच्या शेवटाकडे नेतात. एका बांधणीतलं "बायबल" तेव्हा कुणाकडेच नव्हतं. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, इंग्लंडच्या आर्चबिशप स्टीफन लँगटनच्या नावावर आहे, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे फ्रेंच मुद्रक रॉबेर एस्तियेनने १५५१ मध्ये दिले, म्हणजे तुमचा नायक जवळपास पंधराशे वर्षं आधी "तीन सोळा" म्हणतोय. आणि कॅटाकोम्ब ही दफनाची जागा, ख्रिस्ती लोकांची तिथली दफनं दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडे सुरू झाली, शिवाय ती काही गुप्त नव्हती, तिथे संसार थाटून लपायची कल्पना नंतरच्या लोकांची आहे. त्याला कोणाच्या तरी घरी बसवा, मंडळी तेव्हा घरातच जमायची, आणि कोणीतरी पौलाचं रोमकरांस पत्र मोठ्याने वाचून दाखवू दे, ते साधारण ५७ च्या सुमाराचं धरतात त्यामुळे चालेल. बाकी हस्तलिखित रोमन इतिहास शिकवणाऱ्या कोणाला तरी एकदा दाखवाच, चार चुका मला एका परिच्छेदात दिसल्यात, पूर्ण पुस्तकात किती असतील.

प्रश्न : नायसियाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या सभेत, मतदान करून बायबलमधली पुस्तकं ठरवली, असं एका व्हिडिओत पाहिलं. कादंबरीचा क्लायमॅक्स त्यावर करतोय.

उत्तर : करू नका. नायसिया, ३२५. वाद होता एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचा, पुत्र म्हणजे येशू हा पित्याशी, म्हणजे देवाशी समान आहे की निर्माण केलेला यावर, आणि दुसरा मोठा विषय ईस्टर कधी पाळायचा. परिषदेचे २० नियम उपलब्ध आहेत, त्यात पुस्तकांची यादी नाही. आज आपल्याकडे आहेत तीच २७ पुस्तकं नव्या कराराची म्हणून मोजून सांगणारी पहिली यादी सापडते ती बिशप अथानासियसच्या ३६७ च्या पत्रात. तो व्हिडिओ करणाऱ्याने बहुतेक दुसरा व्हिडिओ बघितला असेल, आणि त्याने तिसरा. चर्चच्या इतिहासाचं कुठलंही एक बरं पाठ्यपुस्तक घ्या आणि सेमिनरीत (पाळक तयार करणाऱ्या विद्यालयात) शिकवणाऱ्या कुणाला तरी फोन करा, लोक आनंदाने सांगतात, विचारत कोणी नाही हीच पंचाईत.

प्रश्न : एआय चॅटबॉटने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं एक सुंदर वाक्य दिलं, उद्या जग बुडणार असलं तरी मी आज सफरचंदाचं झाड लावीन असं. संवादात वापरू का?

उत्तर : नको. ल्यूथरच्या लिखाणात ते सापडत नाही, आणि छापील माग १९४० च्या दशकामागे जात नाही. चॅटबॉटला विचारलंत तर तो पान नंबरसुद्धा देईल, घाबरू नका पण विश्वासही ठेवू नका. आणि तुम्ही पाठवलेल्या प्रसंगात तो ३१ ऑक्टोबर १५१७ ला हातोडा घेऊन चर्चच्या दारावर आपले प्रबंध ठोकतोय, त्याबद्दल पण जपून. त्या तारखेला त्याने माइंझच्या आर्चबिशपला पत्र लिहिलं हे पक्कं, ठोकण्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे कारण ल्यूथर स्वतः कुठेच तसं सांगत नाही. दाखवायचं तर दाखवा, पण शेवटच्या टिपणात कबूल करा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एका गुलामांच्या जहाजाच्या कप्तानावर, म्हणजे जॉन न्यूटनवर कादंबरी लिहितेय. वादळात त्याचं परिवर्तन झालं तिथपर्यंत मजकूर झालाय. नंतरही तो गुलामांचा व्यापार करत राहिला हे वाचून धक्का बसला. आमच्या प्रार्थना गटातल्या ताई म्हणतात तो भाग गाळ, विश्वासाची साक्ष कमकुवत होते. काय करू?

उत्तर : बसा जरा, इथे मी लांब बोलणार आहे.

आधी काय घडलं ते. वादळ मार्च १७४८ मधलं. तो दिवस न्यूटन पुढे आयुष्यभर दरवर्षी पाळत होता, त्यामुळे तो त्याच्यासाठी खरा होता यात शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यानंतर तो गुलामांच्या जहाजावर अधिकारी म्हणून गेला, आणि १७५० ते १७५४ या काळात स्वतः कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. तेव्हाची त्याची रोजनिशी शिल्लक आहे, छापलेली आहे, मिळते. त्यात किती माणसं विकत घेतली, किती वाटेत मेली, हे हिशेबाच्या वहीसारखं लिहिलंय, आणि बंडाचा संशय आला म्हणून पोरांना बेड्या घालून अंगठे आवळायचं यंत्र लावल्याची नोंदसुद्धा. हाच माणूस रविवारी जहाजावर खलाशांची उपासना घ्यायचा. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो तब्येतीमुळे, पश्चात्तापामुळे नव्हे. १७६४ मध्ये पाळक झाला. अमेझिंग ग्रेस हे गीत वादळातल्या जहाजावर सुचलं असं आपण मुलांना सांगतो ना, ते त्याने ओल्नी गावात १७७२ च्या शेवटी, नव्या वर्षाच्या उपासनेसाठी लिहिलं, वादळानंतर सुमारे चोवीस वर्षांनी. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पत्रक काढलं १७८८ मध्ये. चाळीस वर्षं. त्या पत्रकात तो मान्य करतो की ज्या धंद्याने आता काळजाचा थरकाप होतो त्यात मी स्वतः सामील होतो. व्यापारबंदीचा कायदा झाला १८०७ मध्ये आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो गेला.

आता मला सांगा, तुमच्या ताईंना यातलं काय गाळायचंय? चाळीस वर्षं गाळली तर उरतं काय, एक वादळ आणि एक गाणं, ते तर पोस्टरवर पण मावतं. बायबलवाल्या घरात ही गाळायची सवय आली कुठून हे मला खरंच कळत नाही. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं हे चारही शुभवर्तमानांत आहे, तो मंडळीतला एवढा मोठा माणूस असताना कोणी ते झाकलं नाही. दावीद राजाने बथशेबेच्या नवऱ्याला मारवलं ते तसंच्या तसं लिहून ठेवलंय. आणि आपण मात्र न्यूटनला धुऊन इस्त्री करून उभा करतो, का तर साक्ष. पुसलेली साक्ष कोर्टात सुद्धा चालत नाही हो. शिवाय अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात वादळ पानंच्या पानं आहे, आणि जहाजाच्या पोटातली माणसं एका ओळीत "दुर्दैवी जीव" म्हणून येतात. कप्तानाच्या वाट्याला नाव, आई, पाप, क्षमा असं सगळं आणि त्यांच्या वाट्याला फक्त एक आकडा. रोजनिशीत आकडे आहेत म्हणून कादंबरीत पण आकडेच राहिले तर तुम्ही न्यूटनच्या तेव्हाच्या नजरेने लिहिताय, नंतरच्या नाही. देवाने तुमच्या मनावर ओझं घातलंय म्हणता, मग ओझं पूर्ण उचला. ओलाउडाह इक्वियानोचं १७८९ मधलं आत्मकथन वाचा, गुलाम केलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं, तोही ख्रिस्ती होता. (त्याच्या जन्मस्थळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तोही वाचून घ्या.) मग प्रकरणं परत लिहा आणि गुलामगिरीचा इतिहास अभ्यासणाऱ्या व्यक्तीला दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका, मलासुद्धा पुरेसं कळत नाही त्यातलं.

ताईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : चमत्कार दाखवावेत का? वाचक हसतील अशी भीती वाटते.

उत्तर : पात्राने जे पाहिलं, ऐकलं असं ते म्हणतं, ते दाखवा. देवाकडून आवाज ऐकू येतात म्हणणाऱ्या फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कच्या १४३१ च्या खटल्याची नोंद आहे, आवाज कधी ऐकू आले, कोणत्या बाजूने आले, सगळे प्रश्न आणि तिची उत्तरं. त्याच चर्चच्या न्यायालयाने तिला पाखंडी ठरवलं, १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि १९२० मध्ये तिला संत घोषित केलं. पाचशे वर्षं लागली मोठमोठ्यांना, तुम्ही एका प्रकरणात निकाल द्यायची घाई का करता. फक्त नोंदीत नसलेला चमत्कार खऱ्या माणसाच्या नावावर चिकटवू नका, कितीही प्रार्थनेतून सुचला असला तरी, आणि तुमच्या पाळकांशी पण एकदा बोलून घ्या.

प्रश्न : नायकाची रोजनिशी : "रोम, १० ऑक्टोबर १५८२". ठीक आहे ना?

उत्तर : तो दिवस रोममध्ये उगवलाच नाही. ४ नंतर थेट १५ तारीख आली, कॅलेंडर बदललं. इंग्लंडने हेच १७५२ मध्ये केलं, २ सप्टेंबरनंतर १४. आणि त्याआधी तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे कागदावर फेब्रुवारी १६४० दिसलं तर आपल्या हिशोबाने ते १६४१ असू शकतं. संग्रहालयातल्या माणसाला विचारा, त्यांना हे तोंडपाठ असतं.

प्रश्न : एका प्रकाशकाने कळवलंय की प्रभूने तुमचं पुस्तक आमच्या हृदयावर ठेवलंय, फक्त "सेवा सहभाग" म्हणून मोठी रक्कम भरायची आहे. आठवड्यात उत्तर हवंय म्हणतात. हे देवाचं दार समजू का?

उत्तर : हे बिल आहे. लेखकाने पैसे भरून पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, अनेक जण काढतात, पण मग ते धंद्याच्या भाषेत बोलावं, प्रती किती, हक्क कोणाचे, न विकलेल्या प्रतींचं काय, संपादन कोण करणार. यातलं काही न सांगता वचनं पाठवणारा आणि वर आठवड्याची मुदत घालणारा माणूस मला आवडत नाही. करार हातात घ्या, वकिलाला दाखवा, त्यांच्याकडून आधी छापून घेतलेल्या दोन लेखकांशी बोला. तोपर्यंत एक रुपया भरू नका. हो, आणि कादंबरीत एखाद्या आधुनिक भाषांतरातले उतारे भरपूर घेतले असतील तर त्यांचा कॉपीराइट असतो, परवानगी मागावी लागते, तेही वकिलाला त्याच फेरीत विचारा.

प्रश्न : सहा वर्षं देवाच्या खुणेची वाट बघतोय, सुरुवात करावी की नाही. कथा आमच्या मंडळीतल्या जुन्या लोकांच्या आठवणींवर आहे.

उत्तर : त्या जुन्या लोकांपैकी सहा वर्षांत किती गेले ते मोजा. या आठवड्यात रेकॉर्डर घेऊन जा, परवानगी विचारून बसा, लिहायचं नंतर बघू.

प्रश्न : इन्क्विझिशनवर, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयांवर, संशोधन करतेय. खटल्यांचे कागद वाचून प्रार्थनाच करवत नाही, दोन महिने झोप नाही. लिहिणं सोडू का?

उत्तर : आधी डॉक्टरकडे जा, दोन महिने झोप नाही हे गंभीर आहे, त्याला आत्मिक लढाई वगैरे नाव देऊन घरात बसू नका आणि कोणी तसं म्हणालं तर ऐकू नका. मग पाळकांकडे किंवा समुपदेशकाकडे. कागद कुठे पळून जात नाहीत. मी पण एकदा अशाच एका खटल्याच्या कागदांपायी काही आठवडे स्तोत्रसंहितेतली फक्त रडगाणी वाचत होते, ती आहेत तिथे पुष्कळ, कोणीतरी आपल्यासाठीच ठेवलीत असं वाटतं. दिवसा वाचा, रात्री नको, आणि एकटीने नको. सोडायचं की नाही ते झोप परत आल्यावर ठरवा.

प्रश्न : ऋणनिर्देशात पवित्र आत्म्याचे आभार मानले तर चालेल का?

उत्तर : चालेल. ग्रंथपालाचं नाव विसरलात तेवढं टाका.