हसरा फोटो, अनोळखी ग्राहक आणि ‘रागावलेले’ आजोबा

या वेळच्या पत्रांत चार पत्रं चेहऱ्यांबद्दलची निघाली. सगळी सांगली-मिरजेच्या आसपासची. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मुलीचा स्थळासाठी फोटो काढायचाय. स्टुडिओवाला म्हणतो, हसा. सासूबाई म्हणतात, दात दिसता कामा नयेत. पोरगी कॅमेरा बघितला की ताठ होते. काय करू? (तासगाव)

सासूबाईंची माफी मागून सांगतो, हसू दे तिला.

समोरचा माणूस फोटोवरून मत बनवतो ते आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ साली लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले. माणूस विश्वासू वाटतो का, याचं मत तेवढ्यात तयार झालं होतं. जास्त वेळ दिल्यावर मत फारसं बदललं नाही, आपलं बरोबरच आहे ही खात्री तेवढी वाढली. ओठांचे कोपरे जरा वर असले की माणूस भला वाटतो, खाली असले की खडूस. यात न्याय काही नाही. ज्यांचे ओठ जन्मतःच खाली वळलेले असतात ते बिचारे विनाकारण मार खातात.

पण हसू ओढूनताणून आणलेलं नको. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच लिहून ठेवलंय की, गाल वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, डोळ्याभोवतीचा मात्र सहसा मनापासून हसल्यावरच आवळतो. काहींना तोही मुद्दाम आवळता येतो, पण कॅमेऱ्यासमोर ताठ होणाऱ्या मुलीला ते जमायचं नाही. आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे नाटक उभं केलं, त्या सांगलीच्या मुलखात नाटकी हसू लोक लगेच ओळखतात!

म्हणून ‘हस गं’ म्हणूच नका. फोटोग्राफरच्या मागे तिची एखादी मावसबहीण उभी करा आणि दोघींना वाट्टेल ते बोलू द्या. तीस-चाळीस फोटो निघू देत. त्यातला ज्यात डोळ्यांच्या कडेला सुरकुती आलीय तो निवडा. स्टुडिओवाला ती सुरकुती कॉम्प्युटरवर पुसायला जाईल, त्याला आधीच बजावून ठेवा. आणि एकच फोटो धाडू नका, दोन-तीन धाडा. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी पतसंस्थेत कॅशियर आहे. परवा लग्नात एक गृहस्थ हसत हसत गप्पा मारायला आले. मला ओळखच लागेना. नंतर कळलं, दर सोमवारी काउंटरला येणारे आमचे खातेदार! मला काही आजार तर नाही? (मार्केट यार्ड, सांगली)

नाही हो. तुमच्याकडे त्यांचा एकच चेहरा जमा आहे, स्लिप भरतानाचा, कपाळाला आठी घातलेला. हसले की गाल वर जातात, डोळे बारीक होतात, तोंड रुंदावतं. त्यात फेटा बांधलेला असेल तर बघायलाच नको.

२०११ साली ब्रिटनमध्ये जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढे ४० फोटो ठेवले आणि माणसाप्रमाणे गठ्ठे करायला सांगितले. फोटो होते फक्त दोन डच महिलांचे, प्रत्येकीचे २०. ब्रिटिशांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. त्या दोघी नेदरलँड्समध्ये टीव्हीमुळे सगळ्यांच्या ओळखीच्या, त्यामुळे तिथल्या बहुतेकांनी बिनचूक दोनच केले. ओळखीचा चेहरा म्हणजे एक चित्र नव्हे. रागातला, झोपेतला, पान खातानाचा असे त्याचे शेकडो नमुने डोक्यात साठलेले असतात. तुमच्या बायकोला तुम्ही दाढदुखीतही ओळखता ते त्यामुळेच.

उलटाही घोटाळा होतो. अनोळखी माणूस हसला की तो ओळखीचा वाटतो. प्रयोगांत हे दिसलंय, आणि निवडणुकीतले फलक रंगवून घेणाऱ्यांना ते प्रयोगांच्या आधीपासून ठाऊक असावं.

स्वतःची मुलं शाळेच्या गर्दीत सापडत नसतील, माणूस आवाजावरून किंवा चालीवरूनच ओळखावा लागत असेल, तर मात्र दाखवून घ्या. चेहरे न ओळखता येण्याचा दोष खरोखर असतो, काहींना जन्मापासून. त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही.

प्रश्न : आरशात बरी दिसते, फोटोत भयाण. खरी कुठली? (विश्रामबाग)

दोन्ही. आरशातला चेहरा डावा-उजवा उलटलेला, आणि तुम्ही रोज बघता तो तोच. सवयीचं ते आवडतं. १९७७ सालच्या एका अभ्यासात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त पसंत पडला, त्यांच्या मित्रमैत्रिणींना मात्र सरळ फोटो. तेव्हा फोटो निवडायचं काम मैत्रिणीला द्या.

प्रश्न : वडिलांना दोन वर्षांपासून पार्किन्सन आहे. माझा सहा वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ जात नाही, ‘आजोबा माझ्यावर रागावलेत’ म्हणतो. वडिलांना फार लागतं ते. (मिरज)

या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी होतं आणि हालचाली मंदावतात. चेहऱ्याचे स्नायूही त्यात आले. पापण्यासुद्धा कमी लवतात. आत आनंद असतो, तो चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आणि हलत नसलेला चेहरा आपण सहसा ‘शांत’ असा वाचत नाही, रागीट वाचतो. १९७०च्या दशकात ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आयांना तान्ह्या बाळासमोर दोन-तीन मिनिटं निर्विकार बसायला सांगितलं, तर बाळं आधी हसून खुणावत आणि मग तोंड फिरवून बसत. तुमचा मुलगा तेच करतोय. त्याला रागावू नका.

त्याला सरळ सांगा की, आजोबांचा चेहरा आजारी आहे, आजोबा नाहीत. त्यांचं हसू दुसरीकडे शोधायला लावा. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ विनोद ऐकला की चेहरा दगडासारखा ठेवतात, पण उजवा अंगठा काठीच्या मुठीवर टकटक करतो. त्यांच्या नातीने ते शोधून काढलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. वडिलांनाही सांगा की ‘मजा आली’ हे आता तोंडाने बोलायचं. चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या व्यायामासाठी स्पीच थेरपिस्टला विचारा.

आणि नातवाने काही विचारलं की उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढ्यात तुम्ही मधेच उत्तर देऊन टाकू नका.