शहरातली विषमता कमी करण्यासाठी कम्युनिटी फाउंडेशन (एखाद्या भागातल्या देणग्या एकत्र करून त्याच भागासाठी वापरणाऱ्या संस्था) इतरांशी भागीदारी नेमकी कशी करतात?

नुसतं अनुदान वाटून नाही, तर ज्यांच्याकडे आधीच मोठी खरेदी आणि नोकऱ्या आहेत अशा संस्थांना एकत्र बसवून तो पैसा गरीब वस्त्यांकडे वळवून. अनुदान कधीतरी संपतं, हॉस्पिटलच्या चादरी मात्र रोज धुवाव्याच लागतात. चादरींचं उदाहरण खरंच घडलेलं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड फाउंडेशनने (स्थापना १९१४, या प्रकारातलं जगातलं पहिलं) महापालिका, विद्यापीठ आणि मोठी हॉस्पिटलं यांना सोबत घेऊन 'एव्हरग्रीन' सहकारी संस्था उभ्या केल्या. त्यातली लाँड्री २००९ मध्ये सुरू झाली. कामगार आसपासच्या गरीब वस्त्यांतले, आणि मालकीत वाटाही त्यांचाच. क्लीव्हलँड क्लिनिक या तिथल्या मोठ्या हॉस्पिटलचं धुलाईचं काम तिच्याकडे आलं ते मात्र २०१८ मध्ये. म्हणजे भागीदार एका टेबलाशी बसले तरी कंत्राट हातात पडायला वर्षं जातात, हे धरूनच चाला. शिवाय अशा नोकऱ्या शेकड्यांत मोजाव्या लागतात, हजारांत नाही. घरभाडं, शाळा, बससेवा हे प्रश्न महापालिकेने धोरण बदलल्याशिवाय सुटत नाहीत, तिथे फाउंडेशन फार तर पाठपुरावा करू शकतं.