कोरोनाची गोळी विषाणूची वाढ नेमकी कशी थांबवते?

खानापुरात माझं मेडिकल आहे, हा प्रश्न काउंटरवर अजूनही येतो. पेशीत शिरलेल्या विषाणूची प्रथिनं आधी एका लांबलचक साखळीत तयार होतात. अख्खा ऊस कोयत्यानं तोडून कांड्या कराव्यात, तशी प्रोटिएज नावाचं विषाणूचंच एक एन्झाइम ही साखळी तोडतं. तुकडे सुटे झाले तरच नव्या प्रती निघतात. या गोळीचं मुख्य औषध निर्माट्रेलविर त्या कोयत्याच्या धारेतच अडकून बसतं. सोबतचं दुसरं औषध रिटोनाविर विषाणूला मारत नाही, निर्माट्रेलविर यकृतात लवकर मोडू नये म्हणून ते असतं. गोळी लक्षणं दिसल्यापासून ५ दिवसांत सुरू करावी लागते. म्हणून कळवळून सांगतो, ताप अंगावर काढू नका. आणि कोलेस्टेरॉलच्या वगैरे चालू गोळ्या डॉक्टरांना आधी दाखवा, रिटोनाविरचं त्यातल्या काहींशी अजिबात जमत नाही.