मनगटातली शीर सोनोग्राफीत बघून टोचायची?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. अंगानं बारीक, शुगर जुनी. मागच्या महिन्यात एका दवाखान्यात अँजिओग्राफीसाठी नेलं, तर मनगटात तीन-चार वेळा टोचूनही शीर सापडली नाही. हात काळानिळा झाला आणि तपासणी न होताच आम्ही परत आलो. आता कोल्हापुरातले दुसरे डॉक्टर म्हणतात, सोनोग्राफी लावून मनगटातूनच करू. सोनोग्राफी पोटाची असते ना? त्यापेक्षा सरळ जांघेतून केलेलं बरं नाही का? – एक वाचक, कागल

उत्तर : ताई, या डॉक्टरांचं ऐका. त्यांनी योग्य तेच सुचवलंय.

मनगटातली ही शीर, म्हणजे रेडियल धमनी, दोन-अडीच मिलिमीटर रुंद असते. बारीक अंगाच्या बायकांत त्याहूनही लहान. एरवी आम्ही बोटाखाली ठोका धरतो आणि अंदाजानं सुई घालतो. बहुतेकांना ते जमून जातं. पण जुन्या शुगरमध्ये धमनीची भिंत कडक होते, सुईपुढून ती सटकते. एकदा धक्का लागला की आक्रसते, मग ठोकाही लागेनासा होतो आणि पुढची प्रत्येक सुई जास्त अवघड जाते. सासूबाईंच्या बाबतीत असंच झालं असावं.

सोनोग्राफीत ती धमनी पडद्यावर काळ्या गोल ठिपक्यासारखी धडधडताना दिसते. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, हलकेच दाबला की शेजारच्या निळ्या शिरा चपट्या होतात, धमनी मात्र तशीच राहते. सुईचं टोक पांढरं चमकतं, ते ठिपक्याच्या मधोमध उतरताना बघायचं. २०१५ साली सुमारे ७०० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्याच सुईत यश आलं ते सोनोग्राफीनं ६५ टक्क्यांना, नुसत्या बोटांनी ४४ टक्क्यांना. दुखण्यात मात्र फारसा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं.

तुमच्या सासूबाईंसाठी मला याहून मोठा फायदा वाटतो तो टोचण्याआधीचा. मागच्या वेळच्या टोचण्यांनी आत गुठळी होऊन धमनी बंद तर झाली नाही ना, हे कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, आधीच कळेल. रुंदी मोजता येईल. धमनीत घालायची नेहमीची ६ फ्रेंचची नळी (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बाहेरून अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. धमनी त्याहून अरुंद असेल तर ५ फ्रेंच घ्यायची, नाहीतर दुसरा हात बघायचा. डाव्या हातानंही अँजिओग्राफी चांगली होते.

जांघेतून करता येतं, कधीकधी करावंच लागतं. पण तिथं रक्तस्राव जास्त होतो, क्वचित पोटात आतल्या आत होतो आणि लवकर लक्षातही येत नाही. शिवाय काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. कंबरदुखीच्या म्हाताऱ्या माणसाला तेच नको होतं. मनगटातून झालं की थोड्या वेळात उठून बसता येतं.

माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, प्रोब हाताशी असावा. गर्भलिंग निदानबंदी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी करावी लागते. कागदपत्रांचं काम वाढतं, हे खरं, पण तेवढ्यासाठी रुग्णाच्या हाताची चाळण होऊ देणं मला पटत नाही.

आता तयारीचं. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी आज्ज्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला तयार होत नाहीत, आणि त्यांचं मन मोडावं असं मलाही वाटत नाही. दोन्ही हात मोकळे करायची गरज बहुधा पडत नाही. कुठला हात वापरणार ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा, म्हणजे ऐनवेळी ओढाताण होणार नाही. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या. शुगरमुळं किडनी कमजोर असेल तर पुढं डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (त्यात हातातली धमनी आणि शीर जोडतात) हाताची शीर राखावी लागते, तेव्हा डॉक्टर वेगळा विचार करतील. आणि तपासणीनंतर मनगटाला रक्त थांबवायचा पट्टा असताना बोटं पांढरी-गार पडली, बधिर झाली किंवा हात सुजत चालला, तर सिस्टरना लगेच हाक मारा. राउंडची वाट बघू नका.